हौसेला मोल नसतं, हे मला पुन्हा कुणी ऐकवू नका

काल रात्री गॅरेजमध्ये माझ्या शर्यतीच्या मिनी गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण, उतरवलं. घासून साफ केलं, लाल डाय मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसला आणि वरून पांढरा स्प्रे मारला. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटांच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडांच्या) मधोमध केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. क्रॅक. सगळं मिळून चार तासही न पळालेल्या हेडला. एकट्या हेडचे ३२०० पाऊंड मोजलेत मी, आणि ते मोजायला दोन वर्षं गावी गेलो नाही.

ज्याने इंजिन बांधलं त्याला सकाळी फोन केला. म्हणाला, रेसिंगच्या इंजिनाला गॅरंटी नसते. बस्स, एवढंच. तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, अंदाज देताना साडेनऊ हजार सांगितलेस, बिल लावलंस १६,४०० चं, चार महिने म्हणालास आणि चौदा महिने लावलेस. त्यातले सहा महिने माझा ब्लॉक तुझ्या शेल्फवर धूळ खात होता, मी स्वतः येऊन पाहिलाय. आणि आता गॅरंटी नसते?

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहतो, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी करतो आणि सात वर्षं एक १९६५ ची मिनी बांधतोय. १९६६ च्या आधीच्या सलून, म्हणजे बंद टपाच्या घरगुती गाड्यांच्या ज्या हिस्टॉरिक शर्यती इथे ब्रँड्स हॅच, सिल्व्हरस्टोन, ओल्टन पार्कच्या ट्रॅकवर होतात, त्यांत पळवायला. कूपर एसच्या (मिनीच्या जास्त ताकदीच्या मॉडेलच्या) स्पेसिफिकेशनची, १२७५ सीसी, दहा इंची चाकं. ही काही फेरारी नाही. १९५९ साली मिनी बाजारात आली तेव्हा किंमत होती ४९६ पाऊंड आणि वर काही शिलिंग. सुएझ कालव्याच्या भानगडीत पेट्रोलचे वांधे झाले म्हणून इसिगोनिस नावाच्या डिझायनरने काढलेली, चार माणसं आणि त्यांचं सामान बसेल एवढी छोटी, चाकरमान्याची गाडी. तिला शर्यतीत उभं करायला आज किती लागतात? पुढच्या रांगेत उभी राहणारी मिनी साठ ते ऐंशी हजार पाऊंडांना विकायला निघते. लोटस कॉर्टिना त्याच्याही पुढे. कॉर्टिना! फोर्डने कुटुंबांसाठी काढलेली गाडी, तिच्यात लोटसचं १५५८ सीसीचं ट्विन कॅम इंजिन बसवलेली. पांढरा रंग, हिरवा पट्टा, आणि वळणावर पुढचं आतलं चाक हवेत. फॉर्म्युला वनचा जगज्जेता जिम क्लार्क, त्याने तीच पळवून १९६४ ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली. आज तसल्या एका गाडीच्या पैशात माझ्या गल्लीतलं निम्मं घर येईल.

आणि ती लोटस कॉर्टिना मुळात लोटस असतेच असं नाही. साधी दोन दारांची कॉर्टिना घ्यायची, कापायची, सगळे नवे भाग घालायचे, फॉर्म भरायचे, फोटो लावायचे, आणि एफआयएचा (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचा) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट मिळवायचा. दहा वर्षं चालतो तो. गाडी त्या काळच्या स्पेसिफिकेशनला उतरते एवढंच तो सांगतो, गाडीच्या पूर्वेतिहासाची तो हमी देत नाही. ठीक आहे, त्याला माझी हरकत नाही. माझीही मिनी जन्माने कूपर एस नाही, साधी ८५० आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

राग यावर आहे, की नियम गाडीचा आकार गोठवतात आणि पैसा मोकळा सोडतात.

कागदावर सगळं १९६५ चं. लोखंडी ब्लॉक, पाच पोर्टचं हेड, दोन एसयू कार्ब्युरेटर. ७०.६ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), तो वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, वाढवला की १२९३ सीसी होतात, तेवढी परवानगी. इथपर्यंत बरोबर. पण आतलं? क्रँक आजच्या स्टीलचा, आजच्या मशीनवर अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेला. कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, प्रोफाइल कॉम्प्युटरवर काढलेलं. हेडचे पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, आठवडेच्या आठवडे फ्लो बेंचवर (हवा किती जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर) बसून घासलेले. कारखान्यातून १२७५ कूपर एस निघायची ७६ हॉर्सपॉवरची. आज पुढच्या रांगेतला माणूस एकशेतीसच्या वरचे आकडे सांगतो, आणि ते खरे असतात, कारण सरळ रस्त्यावर तो माझ्या बाजूने असा निघून जातो की मी थांबलोय असं वाटावं. टायर दोघांचे तेच, डनलॉपचे, जुन्या नक्षीचे. गाडी तीच. फरक फक्त बिलाचा.

आणि हे पिसाळलेलं इंजिन त्या मिनीच्या पोटात काय करतं ते बघा. मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, ऑइल पॅनमध्येच बसलेला. दोघांना तेल एकच. गिअरचा एक दात उडाला की त्याचा चुरा तेलातून थेट बेअरिंगपर्यंत जातो. म्हणून ताकद वाढवली की गिअर सरळ दातांचे हवेत, डिफरन्शिअल लिमिटेड स्लिप, एकच चाक नुसतं गरगरू न देणारा, हवा. म्हणजे आणखी साडेसहा हजार. आणि एसच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह एवढे मोठे आणि एवढे जवळ, की दोन सीटांच्या मधल्या धातूला क्रॅक जाणं हे साठ वर्षं सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. सगळ्यांना! मग हेड घेताना ते तपासून द्यायची जबाबदारी कुणाची? ज्याने ३२०० घेतले त्याची की माझी?

मी शिवाजी उद्यमनगरात वाढलो. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, तिथे सकाळी आठला लेथ सुरू झाले की रात्रीपर्यंत लोखंडाचा वास हटत नाही. आप्पांचं बोअरिंग-होनिंगचं दुकान होतं. प्रीमियर पद्मिनीची १०८९ सीसीची इंजिनं रांगेने यायची, तसलंच लोखंडी ब्लॉकचं, चार सिलिंडरचं, पुशरॉडवालं इंजिन, मिनीच्या जातभाईसारखं. गिऱ्हाईक समोर बाकड्यावर बसायचं, आप्पा डायल गेज लावून चारही बोअर मोजायचे, पाटीवर खडूने आकडे लिहायचे आणि त्याच्या तोंडावर सांगायचे, हे होईल, हे होणार नाही, एवढे पडतील. जेवढे सांगितले तेवढेच घ्यायचे. चूक झाली तर स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) स्वतःच्या पदरची घालायचे. लहानपणी त्या पाटीवरचे आकडे पुसायचं काम माझं होतं.

त्यांना फोनवर बिल वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आरं लेका, बोअर मारायचं आन् हेड बसवायचं एवढं पैसं? आन् वर फुटलं तर तुझं तू बघ म्हणतंय व्हय त्यो?" मी म्हटलं, आप्पा, इकडे असंच चालतं. "चालतं म्हंजे? तू चालवून घेतोस म्हणून चालतं." फोन ठेवल्यावर मला रडायला आलं.

कारण ते खरं आहे. आम्ही चालवून घेतो. पॅडॉकमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे, उभं राहून एकमेकांना सांगतो, काय करणार, हौसेला मोल नसतं. इथले लोकही त्यांच्या भाषेत तेच म्हणतात. ज्याच्याकडे तीन गाड्या, बंद ट्रक आणि चार मेकॅनिक आहेत त्याने हे म्हणावं, त्याला परवडतं. पण जो शनिवारी ओव्हरटाइम करून रविवारी गाडीखाली झोपतो, त्याला हे वाक्य ऐकवू नका. हौसेला मोल असतं, माझ्याकडे पावत्या आहेत.

सुरक्षेच्या खर्चावर माझं भांडण नाही, तेही सांगतो. रोल केज, गाडी उलटली तर वाचवणारा पिंजरा, हवाच. बेल्टची मुदत पाच वर्षांनी संपते, बदला. आगीची बाटली दर दोन वर्षांनी सर्व्हिसला द्या. जुन्या गाडीत जीव जायला वेळ लागत नाही, आणि ज्यांना त्या पैशांची कुरकुर करायची असेल त्यांनी घरी बसावं.

पण वेग विकत घ्यायची ही शर्यत कोणी थांबवायची? मला सांगतात, मग इम्प घे, स्वस्त पडते. बिल मॅकगव्हर्नने १९७०, ७१, ७२ अशी लागोपाठ तीन वर्षं छोट्या सनबीम इम्पवर अख्खी ब्रिटिश सलून चॅम्पियनशिप जिंकली, कारण गुण इंजिनाच्या आकाराच्या क्लासप्रमाणे मिळायचे आणि लहान गाडीवालाही सगळ्यांच्या वर जाऊ शकायचा. किती सुंदर गोष्ट आहे ती! मी ती शंभरदा लोकांना सांगितलीय. पण आज इम्पचं ९९८ सीसीचं इंजिन बांधायचे भाव विचारून या आणि मग मला सल्ला द्या. इम्प घेऊन मी फक्त बिल लावणारा बदलीन.

या चॅम्पियनशिपचं पहिलंच वर्ष आठवा. १९५८. जॅक सिअर्स आणि टॉमी सॉपविथ, दोघांचे गुण सारखे. एक ऑस्टिन वेस्टमिन्स्टरवाला, एक जॅग्वारवाला. निकाल कसा लावला? ब्रँड्स हॅचला दोन सारख्या रायली वन पॉइंट फाइव्ह आणल्या, दोघांना पळवलं, मग गाड्या अदलाबदल करून पुन्हा पळवलं. सिअर्स १.६ सेकंदांनी जिंकला. यंत्र सारखं, उरला तो माणूस. ज्या इतिहासाच्या नावाने आम्ही फी भरतो, त्या इतिहासाने पहिल्याच वर्षी हे शिकवून ठेवलंय, आणि आम्ही त्या गाड्यांचे दिवे आणि बॅज तेवढे तंतोतंत जपतोय.

टायर सगळ्यांना एकाच जातीचे घालायला लावता येतात, मग इंजिनाला का नाही? दोन-तीन कॅम ठरवून द्या, त्याबाहेरचा चालणार नाही. आरपीएमची मर्यादा घाला आणि मोजा. अमेरिकेत मातीच्या छोट्या ट्रॅकांवर काही ठिकाणी क्लेमचा नियम असतो: जिंकलेल्याचं इंजिन ठरलेल्या रकमेला दुसरा स्पर्धक मागू शकतो. आठ हजारांचा क्लेम लावा, बघू कोण वीस हजारांचं इंजिन घालून येतो. मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हरांच्या बैठकीत मी उभं राहून हे बोललो. चाळीसेक माणसं होती. नंतर पार्किंगमध्ये सहा जण येऊन म्हणाले, तू बरोबर बोललास. अरे, मग आत हात का नाही वर केलेत? तिथे कार्ब्युरेटर साफ करायला सांगत होतो का मी? एकाने उत्तर दिलं, "ज्याच्याकडून इंजिन बांधून घेतो तो पुढून दुसऱ्या रांगेत बसला होता."

दर वर्षी ग्रिड, म्हणजे शर्यतीला उभ्या राहणाऱ्या गाड्यांची रांग, वरून जड आणि खालून रिकामा होतोय. माझ्यासोबत सुरू केलेल्यांपैकी एका शाळामास्तरने फोर्ड अँग्लिया विकली. एका प्लंबरची ऑस्टिन ए ४० दोन वर्षं ताडपत्रीखाली आहे, पिस्टनसाठी थांबलीय. ही माणसं उत्तम चालवायची. पावसात त्या मास्तरला गाठणं भल्याभल्यांना जमायचं नाही. त्यांच्या जागी जे आलेत त्यांतले काही चांगलेही आहेत, पण गाडी त्यांना बांधून मिळते, धुऊन मिळते, आणि काही फुटलं तर सोमवारी दुसरं बसवून मिळतं. हेड गॅसकिट कुठल्या बाजूने जळलंय हे बघायला ते बॉनेट उघडत नाहीत.

मी उघडतो. आत्ताही ते हेड खाली गॅरेजमधल्या बाकावर पालथं पडलंय आणि ती लाल रेघ अजून तशीच आहे. वेल्डिंगवाल्याला विचारलं, म्हणाला लोखंड आहे, सीटाच्या इतक्या जवळ, करून देईन पण टिकेल असं बोलणार नाही. नवं घ्यायचं तर पुन्हा तीन हजार आणि उन्हाळा संपेपर्यंत थांबा. पुढच्या शर्यतीच्या प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार आहे. फॉर्म भरून ठेवलाय, पैसे भरलेले नाहीत. आप्पांना हेडचे फोटो पाठवलेत, त्यांनी उलट विचारलंय, दोन सीटांच्या मधे धातू किती मिलिमीटर उरलाय ते नीट मोजून कळव. कॅलिपर घेऊन परत खाली जातोय.