गॅरेजची फरशी आणि रस्त्यावरचे मीठ

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात गॅरेजची फरशी स्वच्छ ठेवणे हा निव्वळ वैताग आहे. चाकांमागे गोठून बसलेला काळपट बर्फ रात्रभर वितळतो आणि सकाळी काँक्रीटवर मीठ (रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून टाकलेले) व वाळू मिसळलेल्या गढूळ पाण्याचे डबके साचलेले असते. ते रबरी वायपरने बाहेर लोटावे, तर उंबऱ्याशीच गोठून दाराची खालची पट्टी जमिनीला चिकटते! रस्त्यावरून आलेल्या या मिठातले कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने पुसलेली जागाही पुन्हा ओलसर होते. शिवाय काँक्रीटच्या छिद्रांत मुरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. रस्त्यावर मीठ टाकावेच लागते, हे मान्य. परंतु अशा प्रदेशात घर बांधणाऱ्याने फरशीला दाराकडे साधा उतारही नीट देऊ नये, याचा मला मनस्वी संताप येतो.