इथिओपियाचं सिंहासन रशियाने पाडलं नाही

इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्याबद्दलचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सम्राटांच्या राज्यात कोणी उपाशी नव्हतं, रशियाने पोसलेल्या मूठभर कम्युनिस्टांनी कट करून १९७४ मध्ये त्यांना हटवलं, मग शेतकऱ्यांच्या जमिनी लुटल्या आणि देशभक्तांची कत्तल केली. पुढे आलेली राजवट क्रूर होती, यात वादच नाही. पण ती आली कशी, हे या मजकुरात साफ चुकीचं सांगितलंय.

"सम्राटांच्या राज्यात कोणी उपाशी नव्हतं"

उत्तरेकडच्या वोल्लो प्रांतात १९७२-७३ मध्ये माणसं भुकेने मेली. मृतांचे अंदाज ४० हजारांपासून २ लाखांपर्यंत आहेत. देशभरात धान्याची फार मोठी तूट नव्हती. वोल्लोतलं मुख्य शहर देस्से. तिथल्या बाजारात भावही फारसे भडकले नाहीत, कारण पीक बुडालेल्या माणसाकडे धान्य विकत घ्यायला पैसाच उरला नव्हता. उलट वोल्लोतूनच काही धान्य आदिस अबाबा आणि अस्मारा या शहरांकडे जात होतं. गावं सोडून आलेली कुटुंबं हमरस्त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांपुढे हात पसरत होती. विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी १९७३ मध्ये तिथे जाऊन फोटो आणले, तरी सरकार दुष्काळ मान्य करायला तयार नव्हतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश टीव्हीने ती दृश्यं जगाला दाखवली, तेव्हा बोभाटा झाला.

आपल्याकडे याच सुमारास १९७२ चा दुष्काळ होता. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं हे घराघरात सांगितलं जातं. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल झालेच, पण मोर्चे निघत होते, सभागृहात प्रश्न विचारले जात होते आणि सरकारला हलावं लागत होतं. इथिओपियात संसद होती, पण राजकीय पक्षांना परवानगी नव्हती आणि पंतप्रधान सम्राटच नेमायचे. वोल्लोतल्या माणसाची हाक पोचायला वाटच नव्हती. माझ्या मते सिंहासन खचलं ते इथे.

"कम्युनिस्टांनी रशियाच्या मदतीने कट केला"

सुरुवात झाली पाण्यावरून. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिणेतल्या नेगेले इथल्या छावणीत सैनिकांचा पंप बिघडला आणि अधिकारी आपल्या विहिरीचं पाणी त्यांना देईनात. जेवणही निकृष्ट होतं. सम्राटांनी चौकशीला पाठवलेल्या सेनापतीला सैनिकांनी अडकवून ठेवलं आणि आपण खातो-पितो तेच खायला-प्यायला लावलं. कोणालाही शिक्षा झाली नाही, आणि ही बातमी बिनतारी संदेशांवरून छावणीछावणीत पसरली. फेब्रुवारीत पेट्रोलच्या दरवाढीवरून टॅक्सीचालक आणि मागण्यांसाठी शिक्षक संपावर गेले, अस्मारातल्या सैन्याने बंड केलं आणि मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मार्चमध्ये कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. यामागे एक पक्ष, एक नेता असा कोणी नव्हताच.

जूनमध्ये सैन्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांच्या प्रतिनिधींची समिती बनली, तीच 'डर्ग'. सव्वाशेच्या आतबाहेर माणसं, बरेचसे कनिष्ठ अधिकारी आणि शिपाई. त्यांची घोषणा होती 'इथिओपिया तिक्देम', म्हणजे इथिओपिया आधी. १२ सप्टेंबरला सम्राटांना फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीत बसवून राजवाड्याबाहेर नेलं, तेव्हा याच समितीने परदेशात उपचार घेत असलेल्या युवराजांना राजा म्हणून बोलावलं होतं! राजेशाही रद्द झाली ती मार्च १९७५ मध्ये. कट्टर कम्युनिस्टांचा कट असता तर हे कशाला केलं असतं?

आणि रशिया? त्याने जुलै १९७४ मध्ये मैत्री करार केला तो सोमालियाशी, म्हणजे इथिओपियाच्या वैऱ्याशी. इथिओपियाला शस्त्रं अमेरिका देत होती, आणि सम्राट गेल्यावरही १९७७ पर्यंत देत राहिली. त्या वर्षी सोमालियाने इथिओपियाच्या पूर्वेकडच्या ओगाडेन भागावर हल्ला केला. रशियाची शस्त्रं मोठ्या प्रमाणावर आणि क्यूबाचे हजारो सैनिक इथिओपियाच्या बाजूने उतरले ते त्यानंतर. मार्क्सवाद विद्यार्थ्यांमध्ये आधीपासून होता. सैनिकांनी तो सत्ता हाती आल्यावर उचलला, कारण सत्ता कशासाठी हवी याचं उत्तर त्यांच्याकडे दुसरं नव्हतं.

"शेतकऱ्यांच्या जमिनी लुटल्या"

दक्षिणेत बहुसंख्य शेतकरी कुळं होती. पिकाचा निम्मा हिस्सा, काही ठिकाणी त्याहून जास्त, जमीनदाराच्या घरी जायचा. 'कसेल त्याची जमीन' ही मागणी घेऊन विद्यार्थी १९६५ मध्येच रस्त्यावर उतरले होते आणि दरबाराने नऊ वर्षं कूळकायदा केला नाही. मार्च १९७५ च्या फर्मानाने जमीनदारी संपली, कुटुंबाला जास्तीत जास्त १० हेक्टर ठरले, तेव्हा लाखो कुळांनी स्वागतच केलं. फसवणूक नंतरची: मालकी सरकारने स्वतःकडे ठेवली, मग ठरवलेल्या कमी भावाने धान्य घालायची सक्ती केली. १९८४ च्या महादुष्काळात याच सरकारने क्रांतीच्या दशकपूर्तीचा थाटमाट केला. हा आरोप करायचा तर पूर्ण करावा, आणि मग वोल्लोही त्यात घ्यावं.

"देशभक्तांची कत्तल केली"

कत्तल झाली. २३ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री दोन माजी पंतप्रधानांसह सुमारे ६० जणांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. डर्गचे अध्यक्ष राहिलेले जनरल अमान अंदोम यांनाही त्याच दिवशी ठार केलं. फेब्रुवारी १९७७ मध्ये डर्गमधलेच एक अधिकारी मेंगिस्तू हैले मरियम यांनी आपल्याच अध्यक्षाला संपवून सगळी सूत्रं हातात घेतली. पण 'लाल दहशती'त, म्हणजे या राजवटीने विरोधकांविरुद्ध चालवलेल्या हत्यासत्रात, मारले गेलेले बहुतेक कोण होते? शहरातली शिकलेली पोरं, त्यातही प्रामुख्याने मार्क्सवादीच, ज्यांना सैनिकांऐवजी नागरी सरकार हवं होतं. गोळी घातलेल्या मुलाचं प्रेत हवं असेल तर गोळीचे पैसे भरा, असं आईबापांना सांगितलं जाई. आज त्या मुलांना 'देशभक्त' म्हणून सम्राटांच्या बाजूला उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ज्या सम्राटांविरुद्ध ती घोषणा देत होती, त्यांच्यासाठी ती मेली नाहीत.