टिळकांची भजनं "चर्चची वाटत नाहीत" म्हणे

मागच्या आठवड्यात मुंबईहून आत्येभावाचा फोन आला. त्यांच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीत ठरलंय की "उपासना संगीत" या आपल्या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली भजनं आता महिन्यातून एकदाच, बाकीचे रविवार कीबोर्ड, स्क्रीन आणि इंग्रजी वर्शिप. तरुण पोरं कंटाळतात हे पहिलं कारण, ते एकवेळ समजू शकते. पण दुसरं ऐकून डोकंच फिरलं, टिळकांची भजनं "कीर्तनासारखी वाटतात, चर्चची वाटत नाहीत".

अरे, तशी वाटावीत म्हणूनच तर लिहिलीत! रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये आपल्या मुंबईतच झाला, पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, आणि तिथेच भजनं, अभंग, कीर्तन. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा माणूस दुसरं काय लिहिणार? त्यात पेटी, तबला, झांज नाही वाजायची तर काय ऑर्गन वाजणार?

इथे फिलाडेल्फियात टिळकांच्याच काळातले एक पाळक होऊन गेले, चार्ल्स अल्बर्ट टिंडली. बाप गुलामगिरीत राबलेला, हे स्वतःच लिहायला वाचायला शिकले, ज्या चर्चमध्ये झाडलोट केली त्याच चर्चचे १९०२ मध्ये पाळक झाले. गाणी लिहिली ती समोर बसलेल्या आपल्या गरीब लोकांसाठी, त्यांना साजेशी. शाळेत आपण "हम होंगे कामयाब" म्हणायचो ना, त्या मूळ इंग्रजी गाण्याचा माग बरेच जण टिंडलींच्या एका गाण्यापर्यंत नेतात. मी ज्या चर्चला जाते तिथल्या म्हाताऱ्या बायका त्यांची गाणी पुस्तक न उघडता म्हणतात, डोळे मिटून, आणि मागच्या बाकावरची कॉलेजची पोरंही उठून उभी राहतात. जुनं झालं असं कुणी म्हणत नाही. आणि आपल्याला आपल्याच पाळकाची लाज.

हे सगळं भावाला ऐकवलं तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू ये ना मग दर रविवारी पेटीवर बसायला."

काय बोलणार. सतरा वर्षं झाली इथे येऊन. पप्पांचा दफनविधी शिवडीला झाला तेव्हा मी पहाटे साडेचारला फोन समोर धरून बसले होते, सगळ्यांबरोबर भजन म्हणायला लागले पण आवाज मागे पडत होता, भावाने मेसेज टाकला की म्यूट कर, सगळ्यांची लय बिघडतेय. म्यूट करून म्हटलं. दुसरं कडवं मला आठवेना, स्क्रीनवर आत्याच्या ओठांकडे बघत बसले.

पप्पांचं उपासना संगीत नंतर कुरिअरने आलं. खाकी कागदाचं कव्हर, कण्याला चिकटपट्टी, आणि गाण्यांच्या डोक्यावर पेन्सिलीने सुराची पट्टी लिहिलेली, "काळी दोन", "पांढरी चार". लेकीने विचारलं हे काय, तर पियानोवर तिचं बोट नेऊन काळी दोन दाखवली. मग ती म्हणाली, आता म्हणून दाखव, आणि मला पहिल्या कडव्यापुढे चाल येईना.

भावाला रात्रीच मेसेज केलाय, त्या महिन्यातल्या एका रविवारी तरी फोन पेटीजवळ ठेव आणि पूर्ण रेकॉर्ड करून पाठव, शेवटच्या कडव्यापर्यंत.