मॅकबेथला बायकोनं बिघडवलं नाही

आमच्या परभणीकडं एखाद्या घराचं वाटोळं झालं, भाऊबंदकी कोर्टात गेली की पारावरचा निकाल ठरलेला असतो : गडी चांगला होता, बायकोनं कान भरले. शेक्सपिअरच्या नाटकातला मॅकबेथ, आपल्याच राजाचा, डंकनचा खून करून स्कॉटलंडची गादी बळकावणारा सरदार. त्याच्याबद्दल बी.ए.ची पोरं हेच बोलतात, आणि त्यांना शिकवणारेही. चेटकिणींनी आशा लावली, बायकोनं डिवचलं अन् शूर सरदार वाया गेला. मला हे अजिबात पटत नाही.

चेटकिणी 'राजा होशील' एवढंच म्हणतात. डंकनला मार, असं एकदाही म्हणत नाहीत. त्याचा सोबती सरदार बँको तिथंच उभा असतो. तुझे वंशज राजे होतील, हे तोही ऐकतो, पण कुणाच्या जिवावर उठत नाही. मॅकबेथच्या मनात मात्र तिथल्या तिथंच खुनाचं चित्र उभं राहतं. चेटकिणींचं भाकीत कळवणारं त्याचं पत्र बायकोला पोचायच्या आधी!

आणि पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश बघा. आत राजा जेवतोय, आणि हा पंगत सोडून बाहेर येऊन एकटाच हिशोब करतो. मी त्याचा नातलग, त्याचा सरदार, वर आज यजमान. मारेकरी आला तर दार लावून घ्यायचं काम माझं, सुरी मीच कशी उचलू? राजा मवाळ, कारभार स्वच्छ. मारायला कारण एकच, उसळणारी महत्त्वाकांक्षा. इतकं लख्ख दिसत असताना तो पुढं जातो. माझ्या लेखी शोकांतिका इथंच आहे.

त्याच्या बायकोला, लेडी मॅकबेथला, मी निर्दोष म्हणत नाही. पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध तीच पाजते, नवऱ्याची मर्दानगीही तीच काढते. पण झोपलेला राजा तिला बापासारखा दिसतो आणि तिचा हात उचलत नाही. पुढं बँकोवर मारेकरी घातले, ते तर नवऱ्यानं तिला कळूच दिलं नाही.

बाईवर खापर फोडायची ही खोड जुनीच. आपल्या देवगिरीचं घ्या. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीनं रामदेवरायाकडून अफाट लूट नेली, आणि त्याच वर्षी कडा या गावी, गंगेकाठी, दिल्लीचा सुलतान जलालुद्दीनला मारलं. सख्खा चुलता आणि सासरा. म्हातारा विश्वासानं, मोजक्या माणसांनिशी नावेतून भेटायला आला होता. त्या कहाणीतही इतिहासकार बरनी सासू आणि बायकोचा जाच आणतोच. दिल्लीचं तख्त पाहिजे होतं ते अलाउद्दीनला, हे कारण पुरत नाही का?

'लेडी मॅकबेथ ही चौथी चेटकीण' हा परीक्षेतला लाडका प्रश्न आता बंद करा. त्याऐवजी चौथ्या अंकाचा दुसरा प्रवेश वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. मॅकबेथच्या विरोधातला फाईफचा सरदार मॅकडफ इंग्लंडला निसटलाय. त्याच्या गढीत बायको आहे, आणि तिच्याशी हुज्जत घालणारं लहान लेकरू आहे. मारेकरी त्या लेकराला भोसकतात, आणि ते मरता मरता आईला पळ म्हणतं. हा हुकूम मॅकबेथचा एकट्याचा. चेटकिणींनी सांगितलं नव्हतं, बायकोनं सुचवलं नव्हतं, गादीलाही त्यातून काडीचा फायदा नव्हता. पाचव्या अंकात झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ मात्र विचारते, फाईफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठंय? मॅकबेथच्या तोंडी त्या मायलेकरांसाठी शेवटपर्यंत असा एक प्रश्न येत नाही. हे दोन प्रवेश शेजारी ठेवून वाचा आणि मग मला सांगा, कुणी कुणाला बिघडवलं.