शुक्रवारचा मासा पोपने मच्छीमारांसाठी आणलेला नाही

फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चच्या तळघरांतून शुक्रवारी तळलेल्या माशांचा वास येऊ लागतो आणि एक जुना दावा पुन्हा फिरायला लागतो. मच्छीमारांचा धंदा चालावा म्हणून कुण्या पोपने शुक्रवारी मांस बंद केलं, पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, तो नियम काढून टाकला, आणि आता उरला आहे तो उपवासाच्या नावाखाली मासे चापण्याचा कार्यक्रम, असं त्यात म्हटलेलं असतं. वाचणाऱ्याला पटकन पटतं, कारण मासे खाऊन उपवास ही कल्पनाच आपल्याला विचित्र वाटते. पण यातला एकही भाग तपासणीत टिकत नाही.

आधी पोपचं बघू. कोणता पोप, कोणतं साल, कोणतं फर्मान? दाव्यात यातलं काहीच नसतं. ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती ग्रंथात बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा, असं सांगितलेलं आहे. शुक्रवार का, तर येशूला त्या दिवशी क्रुसावर मारलं म्हणून. मासळी विकण्याचा त्यात प्रश्नच नव्हता.

मच्छीमारांसाठी कायदा मात्र खरोखरच झाला होता. तो झाला इंग्लंडमध्ये, पोपशी नातं तोडलेल्या प्रोटेस्टंट राजवटीत. राणी एलिझाबेथचा मंत्री विल्यम सेसिल याने १५६३ मध्ये बुधवारही मासळीचा वार करून घेतला. होड्या वाढाव्यात आणि आरमाराला खलाशी मिळावेत, हा उघड हेतू. हे मासे खाणं आत्म्याच्या तारणासाठी आहे असं कुणी सांगितलं, तर त्याला खोट्या बातम्या पसरवणारा म्हणून शिक्षा करा, असंही त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. म्हणजे धंद्याचा हेतू ज्यांचा होता, त्यांनीच धर्माचा हेतू नाकारला होता. ती गोष्ट आज पोपच्या नावावर खपवली जाते.

अमेरिकेत तर कार्यकारणभाव नेमका उलटा दिसतो. सिनसिनाटीत कॅथलिक वस्तीतल्या मॅकडोनाल्ड्सचा चालक लू ग्रोएन याचा शुक्रवारचा गल्ला रिकामा राहायचा, म्हणून १९६२ मध्ये त्याने फिले-ओ-फिश हे माशाचं सँडविच काढलं. कंपनीचा प्रमुख रे क्रॉक याचा आग्रह मांसाऐवजी अननसाची चकती घातलेल्या हुला बर्गरचा होता. दोन्ही विकून पाहिले आणि मासाच जिंकला. नियम आधी होता, धंदा त्याच्या मागून आला. १९६६ मध्ये नियम सैल झाल्यावर न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, मासळीचे भाव सरासरी साडेबारा टक्क्यांनी उतरले, हे अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक बेल यांनी १९६८ मध्ये मांडलं. मासळीबाजार सांभाळण्यासाठीच नियम असता, तर तो सैल कशाला केला असता?

आता ‘रद्द झाला’ हा भाग. परिषद ८ डिसेंबर १९६५ रोजी संपली. पोप सहावे पॉल यांनी नवे नियम काढले ते त्यानंतर, फेब्रुवारी १९६६ मध्ये. आणि अमेरिकन बिशपांचं निवेदन आलं १८ नोव्हेंबर १९६६ रोजी. त्यात लेंटमधले, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातले सगळे शुक्रवार मांसवर्ज्यच ठेवले. वर्षातले बाकीचे शुक्रवारही प्रायश्चित्ताचे दिवस राहिले. त्या बाकीच्या शुक्रवारी मांस सोडण्याची सक्ती गेली, शिफारस राहिली. हा फरक बारीक वाटेल, पण सगळा घोळ इथेच होतो.

अमेरिकेतला आजचा नियम असा: वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने राखेच्या बुधवारी (लेंटच्या पहिल्या दिवशी) आणि लेंटच्या शुक्रवारी मांस खायचं नाही. उपवास वेगळा. तो फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, १८ ते ५९ वयाच्या लोकांना. एक पूर्ण जेवण, शिवाय दोन छोटी, पण ती दोन मिळून एका जेवणाइतकी होता कामा नयेत. लेंटच्या शुक्रवारी मोठा सण आला, तर मांसाची बंदी उठते. २०२२ मध्ये २५ मार्चचा देवदूताच्या संदेशाचा सण शुक्रवारी आला तेव्हा तसंच झालं.

मासा खायलाच हवा, असं कुठेही म्हटलेलं नाही. वर्ज्य आहे ते जमिनीवरच्या जनावरांचं आणि पक्ष्यांचं मांस. अंडी, दूध, चीज चालतं. वरण-भात खाल्ला तरी नियम पाळला गेला. चुका होतात त्या भलतीकडेच: न्यू इंग्लंडच्या क्लॅम चाउडर या शिंपल्यांच्या सुपात खारवलेल्या डुकराचे तुकडे असतात, वाटाण्याच्या सुपात हॅम असतं, फरसबीत आणि बेक्ड बीन्समध्ये बेकन. मासा बरोबर निवडून बाजूच्या वाटीत नियम मोडतो. डुकराच्या चरबीत तळलेलं मात्र चालतं, कारण १९६६ च्या नियमांत प्राण्यांची चरबी स्वयंपाकात वापरायला मुभा आहे. (लुइझियानात मगरही माशांत धरतात, न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप एमंड यांनी २०१० मध्ये तसं लेखी कळवलं होतं.)

राहिला ‘ताव मारण्याचा’ आरोप. मिलवॉकीपासून पिट्सबर्गपर्यंत फिश फ्राय, म्हणजे चर्चमधली ही शुक्रवारची माशांची जेवणं, ही धर्मग्रामातल्या (स्थानिक चर्चच्या समुदायातल्या) स्वयंसेवकांची मेहनत. गोठवलेला कॉड किंवा पोलॉक मासा आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुटायला ठेवायचा, कागदाने कोरडा करायचा, कोरड्या पिठात घोळवून मग थंडगार बियर घातलेल्या पिठात बुडवायचा. तेल १७५ ते १९० अंशांवर हवं. मासा ओला राहिला तर आवरण सुटतं. एकदम जास्त तुकडे टाकले की तेल थंड होतं आणि मासा तेल पितो. तळलेले तुकडे झाकून ठेवले तर वाफेने पाच मिनिटांत लिबलिबीत होतात, म्हणून ते जाळीवर ठेवायचे. सोबत कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर), मिलवॉकीकडे राय ब्रेड आणि बटाट्याचे पॅनकेक, पिट्सबर्गकडे पिएरोगी (सारण भरलेले उकडीचे तुकडे). ताट भरलेलं दिसतं हे खरं, पण साध्या शुक्रवारी नियम मांस सोडण्याचा आहे, अर्धपोटी राहण्याचा नाही. गुड फ्रायडेला मात्र तेच ताट दिवसाचं एकमेव पूर्ण जेवण धरावं लागतं. आलेले पैसे बहुतेक ठिकाणी धर्मग्रामाच्या शाळेकडे किंवा गरजूंच्या मदतीकडे जातात, आणि कितीतरी चर्चमध्ये संध्याकाळी तळणी बंद झाली की तीच माणसं हात धुऊन वर चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची आठवण करणाऱ्या, प्रार्थनेला जातात.