पंचायत समितीच्या व्हरांड्यातला बाक

आज दुपारी एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गेले होते. पंगतीत माझा बावीस वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. त्याने गेल्या वर्षी पदवी घेतली, घरची शेती बघतो, गावातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, आणि पंचायत समितीची निवडणूक लढवावी असे त्याच्या मनात आहे. समोर बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना त्याने हे मोठ्या आदराने सांगितले. त्यांचे आयुष्य राजकारणाच्या आसपास गेलेले आहे. ते म्हणाले, "बाळा, पंचायत समितीत काय ठेवलंय? तिथं उमेदीची वर्षं घालवण्यापेक्षा एखाद्या मोठ्या नेत्याच्या गाडीत बस, मोबाइलवर चार व्हिडिओ टाक, नाव झालं की थेट वरचं तिकीट माग. खालून वर जायचे दिवस गेले आता." पंगत हसली. भाचा मान खाली घालून वरणभात कालवत राहिला. मी त्या वेळी काही बोलले नाही, याचा घरी आल्यापासून मला पश्चात्ताप होतो आहे, म्हणून आता लिहायला बसले आहे.

त्या गृहस्थांचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एक बाक होता. ही 2003 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीचे कार्यालय होते. तालुक्याचे नाव मी घेत नाही. माझ्या बाबांना जवाहर विहीर, म्हणजे सरकारी अनुदानातून खोदायची विहीर, मंजूर झाली होती. खोदकाम झाले होते, कर्ज काढून मजुरांचे पैसे चुकते केले होते, आणि अनुदानाचा हप्ता मात्र दीड वर्ष अडकला होता. बाबा दर सोमवारी सकाळच्या एसटीने तालुक्याला जात, व्हरांड्यातल्या त्या लाकडी बाकावर बसत, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. "साहेब मीटिंगला गेलेत," एवढेच उत्तर त्यांना मिळे. एका सोमवारी मी त्यांच्या सोबत होते. त्या दिवशी पंचायत समितीचा एक तरुण सदस्य तिथून चालला होता. तो थांबला, बाबांच्या शेजारी त्याच बाकावर बसला, फाइलीची झेरॉक्स मागून घेतली आणि पानन् पान वाचली. सातबारा, आठ-अ, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. मग म्हणाला, "काका, तुमचं बिल कुणी अडवलेलं नाही. दुसऱ्या टप्प्याचं मोजमापच एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, चढलेलं नाही. एमबी भरल्याशिवाय बिल निघतच नाही." बाबांना दीड वर्षात हे एक वाक्य कुणी सांगितले नव्हते. तो सदस्य बाबांना घेऊन शाखा अभियंत्याच्या टेबलापाशी गेला. पुढच्या महिन्यात हप्ता जमा झाला.

तो सदस्य पुढे मोठा झाला नाही. एकच मुदत त्याने केली आणि शेतीकडे परतला. पण मोजमाप पुस्तिकेतले एक कोरे पान माणसाच्या आयुष्याची दीड वर्षे खाऊ शकते, हे त्याला त्या बाकावर बसून कळले होते, आणि ज्या माणसाला हे कळलेले असते तोच पुढे विधानसभेत, लोकसभेत गेला तर त्याच्या प्रश्नाला धार येते, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच मला आज दुपारपासून काँग्रेसचे दिवंगत नेते राजीव सातव यांची सारखी आठवण येते आहे. माझी त्यांची ओळख नव्हती. मी त्यांच्या पक्षाची सभासद नव्हते आणि नाही. पण मराठवाड्यातल्या आमच्या पिढीने हा माणूस पायरी पायरीने वर जाताना पाहिला. कळमनुरीची पंचायत समिती, मग हिंगोली जिल्हा परिषद, 2009 मध्ये कळमनुरीची आमदारकी, 2010 मध्ये भारतीय युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्षपद, 2014 मध्ये हिंगोलीची खासदारकी, 2020 मध्ये राज्यसभा. 1999 मध्ये परभणीतून वेगळा निघालेला आमचा हिंगोली जिल्हा महाराष्ट्राच्या नकाशावर अनेकांना बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि तिथल्या पंचायत समितीत बसलेला मुलगा पस्तिशीत देशभरातल्या युवकांच्या संघटनेचा अध्यक्ष होतो, याचे आम्हाला त्या वेळी केवढे अप्रूप वाटले होते!

आता कुणीतरी लगेच म्हणेल की त्यांच्या आई रजनीताई सातव आमदार आणि राज्यमंत्री होत्या, त्यामुळे ही पायरीबियरी सगळी घरचीच होती. मान्य आहे. घराणे होते आणि त्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आईच्या पुण्याईवर सरळ विधानसभेचे तिकीट मागता येत असताना पंचायत समितीच्या सभागृहात जाऊन बसावे, पाणीपुरवठ्याच्या आणि शाळाखोल्यांच्या ठरावांवर बोलावे, हे किती वारसदारांना सुचते? आजच्या पंगतीतल्या सल्ल्याच्या नेमके उलटे हे वागणे होते.

2014 ची निवडणूक आठवून पाहा. त्या लाटेत महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी काँग्रेसला दोनच मिळाल्या, नांदेड आणि हिंगोली. हिंगोलीत सातव यांनी शिवसेनेचे विद्यमान खासदार सुभाष वानखेडे यांचा 1,632 मतांनी पराभव केला. एका लोकसभा मतदारसंघात 1,632 मते म्हणजे काय, हे ज्यांनी मतमोजणीची रात्र काढली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. दोनतीन मोठ्या गावांचा कौल फिरला असता तरी निकाल फिरला असता. ही 1,632 मते कुठून आली, याचे माझ्याकडे उत्तर आहे आणि ते कुणाला पटो वा न पटो, मी ते देणार. ती मते व्हरांड्यातल्या बाकावरून आली. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या काळात ज्यांची कामे झाली, ज्यांच्या फाइली कुणीतरी वाचल्या, त्या माणसांनी लाटेकडे पाठ करून त्या दिवशी मतदान केले. लाट सभेच्या मैदानावर येते. ज्या घरातला माणूस तालुक्याच्या कचेरीतून रिकाम्या हाताने परतलेला नसतो, त्या घरात ती तितक्या जोराने शिरत नाही.

लोकसभेतही सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्या खासदारांमध्ये त्यांचे नाव असे, संसदरत्न पुरस्कारही त्यांना मिळाला. पुढे पक्षाने त्यांना गुजरातमध्ये पाठवले. 2017 च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्याकडे सौराष्ट्राची जबाबदारी होती. 182 पैकी काँग्रेसला 77 जागा मिळाल्या आणि भाजप 99 वर थांबला. त्यानंतर संपूर्ण गुजरातचे प्रभारीपद त्यांच्याकडे आले. अर्थात 2019 च्या लोकसभेत गुजरातच्या सर्व 26 जागा भाजपने जिंकल्या, तेही सांगितलेच पाहिजे. 2019 मध्ये त्यांनी हिंगोलीतून निवडणूक लढवली नाही, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले होते आणि आजही वाटते. दिल्लीने मोठा केलेला माणूस दिल्लीच हळूहळू गावापासून तोडते, हा आरोप अगदीच खोटा आहे असे मी म्हणू शकत नाही. इथे मला माझ्या माणसाची बाजू घेता येत नाही, इतकेच.

पण 21 सप्टेंबर 2020 ची रात्र मी विसरणार नाही. आदल्या दिवशी राज्यसभेत कृषी विधेयकांवरून गोंधळ झाला आणि त्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. त्यांत सातव होते. सभागृहातल्या त्या गोंधळाचे समर्थन मी करत नाही, नियम हे नियम असतात. निलंबित खासदारांनी संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्यापाशी हिरवळीवरच रात्र काढली. तो सातव यांचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. दुसऱ्या दिवशी उघड्यावर अंथरलेल्या चादरींचे छायाचित्र मी पाहिले आणि मला काय आठवले असेल, हे वेगळे सांगायला नको. बाबांचा बाक आठवला. सत्तेच्या दाराबाहेर बसून राहणे म्हणजे काय, हे बाबांना आयुष्यभर ठाऊक होते. खासदार झाल्यावरही बाहेर बसण्याची लाज न वाटणे हे मला मोठे वाटते.

त्यानंतर आठ महिन्यांनी, 16 मे 2021 रोजी, करोनानंतरच्या गुंतागुंतीने पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत प्रत्येक घरात कुणी ना कुणी आजारी होते, रडायलाही उसंत नव्हती. कळमनुरीत अंत्यसंस्कार झाले. ज्या कृषी कायद्यांच्या विरोधात ते हिरवळीवर झोपले होते, ते मागे घेत असल्याची घोषणा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झाली. ती ऐकायला ते नव्हते. बाभळगावच्या सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत आणि तिथून केंद्रीय मंत्रिमंडळात गेलेले विलासराव 2012 मध्ये गेले. बीड जिल्हा परिषदेतून निघून उपमुख्यमंत्री आणि मग केंद्रीय मंत्री झालेले गोपीनाथराव 2014 मध्ये गेले, शपथ घेऊन आठवडा उलटला होता. मग राजीव सातव. आमच्या मराठवाड्याने खालून वर पाठवलेली माणसे अशी एकामागून एक अकाली गेली, आणि हे लिहिताना माझा राग कुठे गेला तेच कळत नाही.

नाही, राग आहे. आणि तो त्या वडीलधाऱ्या गृहस्थांवर कमी आणि आपल्या सर्वांवर अधिक आहे. ते म्हणाले की खालून वर जायचे दिवस गेले. हे दिवस आपोआप गेले नाहीत. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने पंचायतींची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असे लिहून ठेवले. लढवण्याचे किमान वय 21 ठेवले, म्हणजे आमदारकी-खासदारकीपेक्षा चार वर्षे कमी, कारण तरुणांनी इथूनच शिकत वर जावे ही कल्पना होती. आणि आपण काय केले? 2022 मध्ये आपल्या राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या आणि पंचायत समित्यांच्या मुदती संपल्या आणि तिथे प्रशासक बसले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, गट-गणांच्या, म्हणजे मतदारसंघांच्या, रचना, न्यायालयातल्या तारखा, सगळे खरे. आरक्षणाचा प्रश्न सोडवणे आवश्यकच होते. परंतु तीन वर्षे लोटल्यावर, मे 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की चार महिन्यांत निवडणुका घ्या. तोवर आपल्यापैकी किती जणांनी आवाज उठवला? विधानसभेची निवडणूक चार आठवडे लांबली असती तर आपण रस्त्यावर आलो असतो.

माझा भाचा 2022 मध्ये अठरा वर्षांचा झाला. ज्या वर्षी त्याला मताचा अधिकार मिळाला, त्याच वर्षी तालुक्यातल्या सदस्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. पंचायत समितीच्या सदस्याने एखाद्या शेतकऱ्याची फाइल वाचून दाखवलेली त्याने कधी पाहिलीच नाही. मग त्याला कुणी गाडीत बस म्हटले तर तो काय उत्तर देणार? त्या बाकावर आजही कुणाचे तरी बाबा बसलेले आहेत. त्यांच्या शेजारी येऊन बसणारा सदस्य तेवढा आपण काढून घेतला.

आणि खालून वर कोणी जातच नाही, हेही खोटे आहे. रक्षा खडसे कोथळीच्या सरपंच होत्या, जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्य होत्या, 2014 मध्ये तिशीच्या आतच रावेरच्या खासदार झाल्या आणि 2024 मध्ये केंद्रात राज्यमंत्री. मुरलीधर मोहोळ पुण्याचे नगरसेवक, मग महापौर, मग 2024 मध्ये खासदार आणि त्याच वर्षी केंद्रात राज्यमंत्री. या दोघांच्या पक्षाशी, भाजपशी, माझे मतभेद आहेत, पुष्कळ आहेत, आणि पहिल्या उदाहरणात घराणेही आहे. तरी वाट तीच आहे. ती मोकळी ठेवली तर माणसे तिच्यावरून जातात.

बाबा जाऊन आता सहा वर्षे झाली. विहिरीला पाणी आहे, उन्हाळ्यात थोडे खाली जाते. ती फाइल अजून माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या टप्प्याच्या मोजमापाच्या जागी त्या सदस्याने पेन्सिलीने केलेली फुली तिच्यात अजून दिसते.

हे लिहीत असतानाच भाच्याचा फोन आला. पंगतीतले काही त्याने काढले नाही, मीही काढले नाही. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून त्याने विचारले, "मावशी, आजोबांच्या विहिरीच्या गोष्टीत तू नेहमी एमबी म्हणतेस ना, ती भरतं कोण आणि तिच्यावर सही कुणाकुणाची लागते?" मी त्याला रविवारी सकाळी घरी बोलावले आहे. वही-पेन घेऊन ये म्हटले.