क्षय तिला, खोकला मला

काल रात्री ऑपेरा पाहताना शेजारच्या एका जर्मन आजीबाईंनी मला खोकल्याची गोळी देऊन गप्प केले. ती गोळी विरघळली, अपमान मात्र अजून घशातच आहे.

ऑपेरा इटालियन संगीतकार व्हेर्दीचा 'ला त्राव्हिआता'. त्यातली नायिका व्हायोलेटा १८५३ पासून क्षयानेच मरत आली आहे. पण आमच्या गावच्या दिग्दर्शकाने तिला पॅरिसच्या दिवाणखान्यातून उचलून एका उघड्या फ्रीजसमोर आणून बसवले होते. या बाईला तीन अंकांत एकदाही ठसका लागला नाही. फ्रीजमधून सोडलेला धूर सरळ पाचव्या रांगेत येत होता आणि तिच्या वाटणीचे मी खोकत होतो.

तिसऱ्या अंकात व्हायोलेटा नायकाच्या बापाचे पत्र वाचते. ती ते गात नाही, नुसते बोलते, आणि मागे वाद्ये अगदी हलकी वाजत राहतात. इथे पत्राऐवजी मोबाइलमधून म्हाताऱ्याचा निरोप ऐकू येऊ लागला आणि नेमका तेव्हाच मला ठसका लागला. आजीबाईंनी पर्स उघडली. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी गोळीचा कागद इतक्या सावकाश सोलला, की म्हाताऱ्याचा निरोप संपला तरी करकर चालूच होती. मागच्या रांगेने 'श्शऽऽ' केले, तेही मलाच.

"मरणाऱ्या बाईचा थोडा तरी मान ठेवा," त्या पुटपुटल्या.

"पण ती स्वतः खोकतसुद्धा नाही हो!"

"तिचा आजार सामाजिक आहे. तुमचा नुसता घशाचा आहे."

यावर काय बोलणार? आधुनिक कपड्यांशी माझे भांडण नाही. हे आजचेच नाटक वाटावे, म्हणून स्वतः व्हेर्दीलाच पात्रे समकालीन वेशात हवी होती. पण पहिला प्रयोग जिथे झाला त्या व्हेनिसमध्ये ते चालू दिले नाही आणि कथा १७०० च्या सुमारास ढकलली गेली. १८५३ च्या त्या पहिल्या प्रयोगात नायिकेची अंगलट पाहून हिला कसला क्षय, म्हणून लोक हसले होते. त्यांना निदान हसता तरी आले. ८४ युरो मोजून मला त्या रंगमंचावर ओळखीचा वाटला तो एकटा फ्रीज, कारण आमच्याही फ्रीजचे दार नीट लागत नाही.

पहिलाच प्रयोग असल्यामुळे शेवटी दिग्दर्शक अभिवादनाला आला. त्याला पाहताच आजीबाई उठल्या आणि दोन्ही हातांचा कर्णा करून "बूऽऽ" असे ओरडल्या, की माझ्या कानाला दडा बसला. मग शांतपणे पर्स मिटत त्या मला म्हणाल्या, "आता खुशाल खोका."

मी प्रयत्न केला, पण खोकला आलाच नाही.